दूरचा सिंह, दारचा बिबट्या

गेल्या पौषांत आम्ही उभयतां व आमचा नातू अशीं तिघें सोमनाथाच्या दर्शनास गेलों होतों. वेरावळापर्यंत जाऊन गीरचें अरण्य न पाहतां परत येणें म्हणजे पंढरपुरास जाऊन चंद्रभागेंत पाय न भिजविण्यासारखें आहे, असें नातवाचें मत पडलें; आणि आमच्या घरांत हल्लीं मत म्हणून जें असतें तें त्याचेंच असल्यामुळें आम्ही सासण गांवीं दोन रात्री राहिलों व सिंह पाहून आलों. केवळ ह्या प्रवासाचें वर्णन करावयाचें असतें तर आम्हीं लेखणी हातीं धरली नसती. प्रवासवर्णनें आजकाल उदंड झालीं आहेत. परंतु घरीं परतल्यावर महिन्याभराच्या आंत आमच्या पडवींत जें घडलें त्यामुळें त्या सिंहाकडे आम्हांस पुन्हां एकदां, आणि थोड्या खालच्या मानेनें, पाहावें लागलें. तें सांगण्याचा हेतु आहे. पण आरंभ सिंहापासूनच केला पाहिजे.

आमचें घर कर्जत तालुक्यांत, खालापूरच्या शिवेला लागून, डोंगराच्या पायथ्याशीं आहे. ह्या मुलखांत सिंह कधींच नव्हता. नर्मदा ओलांडून तो दक्षिणेस उतरल्याचा पुरावा नाहीं, असें जाणते लोक सांगतात. तरी पण आमच्या घरांत त्याचा वावर केवढा! आमचें कुलदैवत लक्ष्मीनृसिंह; पणजोबांचें नांव नरसिंह; राजा बसतो तें सिंहासन; तानाजी ज्या गडावर पडला तो सिंहगड. वाघ मात्र पूर्वीं खरोखरच गोठ्यापर्यंत येत असे, म्हणून कीं काय, देवीचें वाहन एवढा एक अपवाद सोडला तर त्याला आमच्या देव्हाऱ्यांत जागा मिळाली नाहीं. खोपोलीवरून बोरघाट चढून गेलें कीं एकवीरेच्या देवळाशेजारीं कार्ल्याचें लेणें लागतें. त्याच्या दाराशीं एक उंच स्तंभ आहे आणि त्याच्या माथ्यावर चार सिंह पाठीला पाठ लावून बसले आहेत. गोतीचा पुत्र अग्निमित्रणक नांवाच्या महारठीनें हा सिंहस्तंभ दान दिला, असें त्यावर कोरलेलें आहे. दोन हजार वर्षांपूर्वीं घाटमाथ्यावरच्या कोणा कारागिरानें, जें जनावर भोंवतालच्या रानांत नव्हतें तें, एवढ्या आदरानें पाषाणांत काढलें. आणि जें रानांत होतें त्याला वगळलें. हा आमचा जुनाच स्वभाव दिसतो.

ह्या पाषाणांतल्या राजाचें खरेंखुरें राज्य एके काळीं इराण-इराकापासून थेट बिहारपर्यंत पसरलें होतें. बंदुका आल्या, रानें तुटलीं, आणि एकोणिसावें शतक सरतां सरतां हिंदुस्थानांत सिंह उरला तो एकट्या काठेवाडांत, जुनागडच्या नबाबांच्या गीरमध्यें. तेथें तरी किती उरला होता ह्याबद्दल पंडितांत वाद आहे. कोणी म्हणतात, डझनभर. तर कोणी म्हणतात कीं शिकारीची परवानगी मागणाऱ्या बड्या पाहुण्यांस वाटेस लावतां यावें म्हणून दरबारानेंच तो आंकडा मुद्दाम लहान करून सांगितला. आम्हांस हा दुसरा तर्क फार आवडला. सिंहाचे प्राण वांचविण्यासाठीं केलेल्या असल्या असत्याला कोठलेंही शास्त्र दोष देणार नाहीं. १९०० सालीं लॉर्ड कर्झन जुनागडास आले तेव्हां सिंहाच्या शिकारीचा बेत त्यांनीं सोडून दिला व उलट सिंह जपावा असा सल्ला नबाबांना दिला. ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. जी सहसा सांगितली जात नाहीं ती अशी कीं त्याच सुमारास छप्पनच्या दुष्काळानें तेथील गुरें व हरणें तडफडून मेलीं, आणि उपाशी सिंह वस्त्यांत शिरून गुरांवर व माणसांवर हल्ले करूं लागले. कर्झनसाहेब कलकत्त्यास गेले होते. नबाब वाड्यांत होते. सिंहाशेजारीं राहिले ते गांवकरी.

१९३६ सालीं नबाबांच्या अमदानींत मोजणी झाली तींत २८७ सिंह भरले. पुढें संस्थान गेलें, रान आणखी आक्रसलें, आणि १९६८ च्या मोजणींत तो आंकडा १७७ वर आला. तेथून मात्र दैव फिरलें. १९६५ सालीं गीर अभयारण्य झालें होतें. १९७२ चा वन्यजीवांचा कायदा आला. १९७५ सालीं रानाच्या मधल्या भागाचें राष्ट्रीय उद्यान झालें. उघड्या विहिरींना कठडे बांधले, कारण रात्रीं सिंह त्यांत पडून मरत. मारल्या गेलेल्या गुरांची भरपाई मिळूं लागली. २०१५ सालीं ५२३, २०२० सालीं ६७४ आणि २०२५ च्या मे महिन्यांत ८९१! त्यांतले निम्म्याहून अधिक सिंह आज राखीव रानाच्या बाहेर, शेतांत, आंबराईंत, समुद्राच्या कांठीं, लोकांच्या मध्यें राहतात.

ह्या आनंदांत एक मोठी धास्ती आहे. सगळें धान्य एकाच कणगींत आहे. २०१८ च्या पावसाळ्याअखेर गीरच्या दलखाणिया भागांत थोड्याच दिवसांत वीसांहून अधिक सिंह मेले, तेव्हां त्यांतल्या कित्येकांच्या अंगांत कुत्र्यांना होणाऱ्या एका तापाचे विषाणु सांपडले. ह्याच रोगानें १९९४ सालीं आफ्रिकेंतील सेरेंगेटीच्या सिंहांपैकीं सुमारें एकतृतीयांश सिंह नाहींसे केले होते. तेथें सिंह हजाराच्या घरांत होते, म्हणून निभावलें. गीरच्या सिंहाला दुसरें घर असावें, हा विचार जुना आहे. १९५७ सालीं उत्तर प्रदेशांतील चंद्रप्रभेच्या रानांत तीन सिंह नेऊन सोडले. ते अकरापर्यंत वाढले आणि १९६५ च्या सुमारास कोणाला न सांगतां दिसेनासे झाले. पुढें मध्य प्रदेशांत कुनोचें रान ह्याच कामासाठीं तयार केलें, तेथील गांवें उठविलीं, आणि १५ एप्रिल २०१३ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें सिंह सहा महिन्यांत तेथें न्यावेत असा निर्णय दिला. गुजराथनें आपला सिंह दिला नाहीं. कुनोंत २०२२ सालीं आफ्रिकेंतून चित्ते आणून सोडले. लेक चांगल्या स्थळीं द्यावयाची खरी, पण डोळ्यांआड करवत नाहीं, असल्या बापाचें हें दुखणें आहे. त्याचें प्रेम खोटें नाहीं, पण लेकीच्या हिताचें तें नाहीं, असें आमचें मत आहे.

असो. सासणास दुसऱ्या दिवशीं सकाळीं सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यांतून जीप चालली असतां वाटाड्यानें हात वर केला. वीस पावलांवर एक सिंह पडला होता. आफ्रिकेच्या चित्रांतली दाट आयाळ त्याला नव्हती. विरळ केंसांतून दोन्ही कान स्पष्ट दिसत होते, आणि पोटाखालीं कातड्याची लांब घडी लोंबत होती. त्यानें आमच्याकडे पाहिलेंही नाहीं. थोड्या वेळानें जांभई दिली, कूस बदलली आणि पुन्हां डोळे मिटले. "आजोबा, हा तर तुमच्यासारखाच दुपारचा झोपतो," असें नातू म्हणाला. तथापि ती पाठ, तो खांदा, तें निर्भय निजणें पाहून सौभाग्यवतींनीं नकळत हात जोडले, हें आम्हीं पाहिलें; आणि आमचेही जोडले गेले होते.

परततांना वाटेंत मालधाऱ्यांचा एक नेस लागला. नेस म्हणजे कांटेरी कुंपणाच्या आंतली चारसहा घरांची वस्ती. म्हशी राखणें हाच त्यांचा धंदा. १९७२ नंतर पुष्कळ मालधारी कुटुंबें रानाबाहेर वसविलीं गेलीं, कांहीं अजून आंत आहेत. एक प्रौढ बाई दुधाच्या चरव्या घांशीत बसली होती. वाटाड्याच्या मदतीनें आम्हीं विचारलें, "गेल्या वर्षीं सिंहानें तुमचें काय नेलें?"

"एक म्हैस, नुकती व्यालेली. आणि दोन पाडे."

"सिंहाचा राग येत नाहीं?"

ती हंसली. "येतो तर! रोज शिव्या देतें."

आम्ही शहाण्या माणसासारखे मान डोलवून जीपमध्यें बसलों. हें उत्तर आम्हांस फार गोड वाटलें. घरीं येऊन येथील वाचनालयांत आम्हीं सिंहावर तासभर व्याख्यान दिलें त्यांत तें घातलें, आणि त्यावर श्रोत्यांनीं टाळ्याही दिल्या. सहजीवन, सहिष्णुता, परंपरा असले शब्द आम्हीं त्या दिवशीं सढळ हातानें वापरले. ते सगळे आतां आठवतात.

माघांतल्या वद्य पक्षांतली गोष्ट. रात्रीं दहाच्या सुमारास वीज गेली होती. आमचा नऊ वर्षांचा कुत्रा मोती नेहमींप्रमाणें पडवींत पोत्यावर निजला होता. कुत्रें घरांत घेण्याची आमच्याकडे चाल नाहीं. सौभाग्यवतींचें सोंवळें कडक. माजघराच्या उंबरठ्याच्या आंत मोतीनें नऊ वर्षांत पाऊल टाकलेलें नव्हतें, आणि तें टाकावयाचें नाहीं हें त्यालाही ठाऊक होतें. उंबरठ्यावर हनुवटी टेकून तो सर्वांच्या ताटांकडे पाही, एवढीच त्याची मजल. त्या रात्रीं आम्हांस ऐकूं आला तो फक्त बादली कलंडल्याचा आवाज. भुंकणें नाहीं, केकाटणें नाहीं. बॅटरी घेऊन बाहेर आलों तों पोतें अजून ऊबदार होतें. पायरीखालच्या भुसभुशीत मातींत वाटीएवढाले ठसे होते, आणि त्यांत नखें उमटलेलीं नव्हतीं.

सकाळीं वनरक्षक आला. ठसे पाहून तो म्हणाला, बिबट्याच, बहुधा मादी. पांच दिवसांपूर्वीं वरच्या ठाकरवाडींत एका विधवेच्या दोन शेळ्या गेल्या, तींही हिचींच कामें. आम्हीं विचारलें, "मग आम्हांला कोणी सांगितलें कसें नाहीं?" तो कांहीं बोलला नाहीं. वाडी आमच्या घरापासून पाऊण तासाच्या चढावर आहे.

दोन दिवसांनीं आळींतले दहाबारा गृहस्थ आमच्या ओसरीवर जमले. एकाच्या मुलीला क्लासहून यावयास रात्र होते; एकाची आई पहाटे परसांत जाते; तिघांचीं नवीं बागायतघरें डोंगराला भिडून आहेत. सर्वांचें म्हणणें एक, कीं पिंजरा लावून घेतला पाहिजे. "काका, अर्ज तुम्हींच लिहा," त्यांतला एक तरुण म्हणाला, "सिंहावर तासभर बोललांत, आतां बिबट्यावर चार ओळी लिहा." त्याच्या मनांत टोमणा नव्हता. म्हणूनच तो अधिक लागला.

आम्हीं अर्ज लिहिला. एका बैठकींत लिहिला आणि, सांगावयास हरकत नाहीं, चांगला लिहिला. पोतें पडवींत तसेंच पडलेलें होतें आणि त्याकडे पाहत पाहत लिहिला. "सदर हिंस्र श्वापदास तातडीनें जेरबंद करून अन्यत्र हलविण्यांत यावें," असें शेवटचें वाक्य होतें. मंडळी सह्या करून गेली. वाडीवरच्या त्या बाईचा अंगठा घेतला म्हणजे अर्जास वजन येईल असें ठरलें, आणि तें काम आम्हीं आपल्याकडे घेतलें.

रात्रीं झोप येईना. "अन्यत्र" हा शब्द घशांत अडकल्यासारखा झाला. अन्यत्र म्हणजे कोठें? गीरच्या सिंहाला अन्यत्र जागा द्या म्हणून आम्ही व्याख्यानांत ओरडलों होतों. तेथें तयार केलेलें रान होतें, न्यायालयाचा हुकूम होता. बिबट्याचें अन्यत्र म्हणजे कोणाची तरी दुसरी पडवी. जुन्नर तालुक्यांत हें करून पाहिलेलें आहे. २००१ पासून तेथें उसाच्या फडांत राहणारे बिबटे धरून दूरच्या रानांत नेऊन सोडूं लागले. विद्या अत्रेय ह्या संशोधक बाईंनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं नंतर हिशेब मांडला तेव्हां दिसलें कीं त्यापूर्वीं वर्षाकांठीं माणसांवर सरासरी चार हल्ले होत, ते त्यानंतर सतरावर गेले. परक्या मुलखांत टाकलेलें, पिंजऱ्यांत ठेंचाळलेलें जनावर माणसाला अधिक बुजतें आणि अधिक बोचकारतें. शिवाय रिकाम्या झालेल्या जागीं दुसरें तरणें जनावर येतें तें निराळेंच.

त्यांच्याच अभ्यासांतल्या एका बिबट्याची गोष्ट महाराष्ट्रांत बहुतेकांस ठाऊक असेल. २००९ सालीं पारनेर तालुक्यांत टाकळी ढोकेश्वर येथें तो विहिरींत पडला. त्याला बाहेर काढून, गळ्यांत पट्टा घालून, माळशेज घाटांत सोडलें. त्याचा शांत स्वभाव पाहून मंडळींनीं त्याचें नांव आजोबा ठेविलें. हे आजोबा सुमारें सव्वाशें किलोमीटर चालले. आग्रा रस्ता ओलांडला, कसाऱ्याचें स्टेशन ओलांडलें, वसईचे कारखाने ओलांडले, आणि आमच्या कर्जतेवरून जी उल्हास नदी वाहते तिचें खाडीजवळचें पाणी पोहून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानांत दाखल झाले. वाटेंत कोणाच्या अंगावर गेले नाहींत. कोणी त्यांना पाहिलेंही नाहीं. पुढें २०११ च्या डिसेंबरांत अहमदाबादच्या हमरस्त्यावर एका वाहनाखालीं सांपडून त्यांचा अंत झाला. आमच्या खालापुरावरूनही तसाच एक हमरस्ता जातो. २००२ पासून तो पूर्ण चालू आहे, आणि त्याच्या दोहों बाजूंस डोंगर आहेत. रात्रीं जनावरें तो कशीं ओलांडीत असतील, हा विचार इतकीं वर्षें त्यावरून पुण्यास जातांयेतां आम्हांस एकदांही शिवला नव्हता.

ह्याची दुसरी बाजू न सांगणें लबाडीचें होईल. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरांत शिरूर तालुक्यांतील पिंपरखेड येथें तीन आठवड्यांत बिबट्यानें तिघांचा जीव घेतला, आणि त्यांत दोन लहान मुलें होतीं. लोक रस्त्यावर उतरले. त्या आईबापांस कोणीं गीरच्या मालधाऱ्यांचा दाखला देऊं नये. आम्ही तेथें असतों तर पिंजऱ्याच्या अर्जावर पहिली सही आमची असती, आणि तिची आम्हांस लाज वाटली नसती. परंतु आमच्याकडे कोणा माणसाच्या केंसालाही धक्का लागलेला नव्हता. एक कुत्रा गेला होता. दोन शेळ्या गेल्या होत्या.

सकाळीं कागद खिशांत घालून वाडी चढलों. बाई शेतावरून यावयाची होती, म्हणून एका म्हाताऱ्या ठाकराबरोबर झाडाखालीं बसलों. शेजारींच शेंदूर फांसलेला एक दगड होता. त्यावर वाघ कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. आम्हीं विचारल्यावर म्हातारा म्हणाला, "वाघदेव. वाघबारशीला हितं सगळी वाडी येते." वाघबारस म्हणजे आश्विन वद्य द्वादशी. त्या तिथीला आमच्याकडे वसुबारस असते! सांजवेळीं आमच्या अंगणांत सुवासिनी गाईवासराला ओवाळतात; त्याच सांजेला पाऊण तासाच्या चढावर तीं गुरें राखणारी माणसें वाघाला नारळ देतात. आमचा जन्म ह्या गांवांतला. सत्तर वर्षांत आम्हांला हें माहीत नव्हतें.

"बाबा, शेवटचा वाघ कधीं गेला येथून?"

त्याला नक्की सांगतां येईना. आमच्या आजोबांच्या बोलण्यांत पळसदरीच्या अंगाला कोणा शिकाऱ्यानें मारलेला वाघ येत असे; आळींतले दुसरे एक वृद्ध भीमाशंकराच्या घाटाखालीं खांडसाकडे विष घातलेल्या वाघाचें सांगतात; आणि ह्या म्हाताऱ्याच्या बापाच्या म्हणण्याप्रमाणें तो मारलाच गेला नाहीं, कोळशाच्या भट्ट्या लागल्या, झाडें संपलीं, तेव्हां तो घाट चढून गेला. सरकार वाघ मारल्याबद्दल बक्षीस देई त्या काळांतली ही कथा. गीरचा सिंह एकेक करून मोजला गेला. आमच्या वाघाचा शेवटचा दिवस कोणत्याच वहींत नाहीं.

"वाघ गेला तव्हा कुनी रडलं नाय," म्हातारा म्हणाला. "बरं झालं म्हनले."

"मग देव कशाला ठेवलात?"

"वाघ गेला, भाऊ. देव कुठं गेला? आता ह्यो बारका हाये तोच त्याची जागा राखतो."

इतक्यांत ती बाई आली. आम्हीं अर्ज वाचून दाखविला. तिनें शेवटपर्यंत ऐकला, आणि आम्हांस आपल्या घरामागें नेऊन शेळ्यांचा गोठा दाखविला. कारवीच्या काठ्यांचा कूड, आणि दाराच्या जागीं जुन्या लुगड्याचा पडदा. "काका, पिंजऱ्यात एक जाईल, दुसरा येईल. मला दार पाहिजे."

भरपाईचें विचारलें. शेळीची भरपाई मिळते हें तिला ऐकून ठाऊक होतें, पण वर्दी वेळेवर द्यावी लागते, पंचनामा व्हावा लागतो, कागद लिहावा लागतो. मागेंही दोनदां शेळ्या गेल्या होत्या. कागद लिहून देईल असें वाडींत कोणी नव्हतें. आमच्या आळींत लिहितां येणारीं चाळीस घरें आहेत. तिनें हें बोलून दाखविलें नाहीं. दाखविलें असतें तर आम्हांला सोपें गेलें असतें.

अर्जावर तिचा अंगठा न घेतां खालीं उतरलों, आणि त्याच दुपारीं अर्ज फाडून नवा लिहिला. पाणवठ्याच्या वाटेवर दिवे असावेत. बागायतघरांतल्या मेजवान्यांचें उष्टें उघड्यावर टाकलें जातें तें बंद व्हावें, कारण उष्ट्यापाठीं कुत्रीं येतात आणि कुत्र्यांपाठीं बिबट्या. वाडीवरील दोन शेळ्यांचा पंचनामा उशीर झाला असला तरी करावा. शेळ्यांचा अर्ज वेगळाही केला. पिंजऱ्याचें वाक्य घातलें नाहीं. पहिल्या अर्जावर बारा सह्या होत्या. दुसऱ्यावर सात झाल्या. उरलेल्यांनीं आपला निराळा अर्ज पाठविला, आणि त्यांतले एक जुने स्नेही अजून आमच्याशीं बोलत नाहींत. त्यांच्या घरांत तीन वर्षांचें मूल आहे. त्यांची चूक आहे असें आम्हांला छातीठोक सांगतां येत नाहीं. बिबट्या कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत असल्यामुळें पिंजऱ्यास वरून परवानगी लागते. ती अद्याप आलेली नाहीं. शेळ्यांच्या भरपाईचेंही उत्तर नाहीं.

दार मात्र झालें. लोखंडी चौकट, जाड जाळी, वरून पत्रा. कर्जतच्या बाजारांतून सामान घेतलें, वाडींतल्या दोघां मुलांनीं तें चढवून बसविलें. खर्चाचा कागद टेबलावर पडला होता. शेजारींच नातवानें जपून ठेवलेली गीरच्या जीपची पावती होती. सौभाग्यवतींनीं दोन्ही कागद शेजारीं शेजारीं धरून पाहिले. जीपचा खर्च अधिक होता.

बिबट्या अद्याप आहे. कधीं पहाटे डोंगराच्या अंगानें लांकूड कर्वतल्यासारखा त्याचा आवाज येतो, आणि आळींतले दिवे एकामागून एक लागतात. आम्ही आतां सांज झाली कीं पडवीला जाळी लावून घेतों, काठी व बॅटरी घेतल्याशिवाय परसांत जात नाहीं, आणि सौभाग्यवती जाळीची कडी घालतांना रोज त्याला एक शिवी देतात.

चैत्रांत नातवानें कोठून तरी एक पिल्लूं आणलें. त्याचें नांव त्यानें सासण ठेविलें. पहिल्या रात्रीं तें पडवींत फार रडलें. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बाराच्या सुमारास माजघराचें दार उघडल्याचा आवाज आला, मग सौभाग्यवतींचा. "आजची रात्र राहूं दे आंत. उद्यां काय तें पाहूं." आतां ज्येष्ठ लागला. पिल्लूं चुलीजवळच्या कोपऱ्यांत पोत्यावर निजतें.